नोकरी सुटली, मालकी सुटेना

दरवर्षी खरीप तोंडावर आला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात शेतीऔषधं, बियाणं आणि खतांच्या कंपन्यांची माणसं कंपन्या बदलतात. मार्चअखेरीस हिशेब बंद होतात, इन्सेंटिव्ह हातात पडतो आणि एप्रिल-मेमध्ये राजीनामे जातात. कालपर्यंत एका कंपनीची टोपी घालून कृषी सेवा केंद्रात येणारा मुलगा आज दुसऱ्या कंपनीची पत्रकं घेऊन त्याच काउंटरवर उभा असतो. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. शेतकऱ्याला तर नाहीच. मुलगा ओळखीचा आहे आणि फोन उचलतो, एवढं त्याला पुरतं. पेरण्या उरकत नाहीत तोच माझ्या ऑफिसात नोटिसा यायला लागतात.

मी हिंगोलीत वकिली करतो. या नोटिसा बहुधा पुण्याच्या, हैदराबादच्या किंवा मुंबईच्या वकिलाकडून आलेल्या असतात आणि त्यांचा मजकूर ठरलेला असतो. राजीनाम्यापासून दोन वर्षं हिंगोली, परभणी, नांदेड आणि वाशीम या जिल्ह्यांत कोणत्याही प्रतिस्पर्धी कंपनीत, कोणत्याही पदावर काम करणार नाही, असं तुम्ही नियुक्तिपत्रात लिहून दिलं आहे. सात दिवसांत नवी नोकरी सोडा, नाहीतर इतक्या लाखांची भरपाई भरा, शिवाय दिवाणी आणि फौजदारी कारवाईला तयार राहा. नोटिशीची एक प्रत नव्या कंपनीच्या एचआरला गेलेली असते. खरा घाव तिथे बसतो.

अशा मुलांबरोबर पुष्कळदा वडील येतात. परवाचे गृहस्थ वसमत तालुक्यातले होते, थोड्याशा जमिनीत हळद करणारे. त्यांनी नोटीस वाचली नव्हती, फक्त तिच्यावरचा ‘फौजदारी’ हा शब्द मुलाने त्यांना सांगितला होता. त्यांनी मला एकच विचारलं, “वकील साहेब, पोराला आत टाकतील का हो?”

नाही टाकणार. दुसऱ्या कंपनीत नोकरी धरणं हा या देशात गुन्हा नाही. आणि ज्या अटीच्या बळावर ही नोटीस आली, ती अट तर कायद्याच्या दृष्टीने कागदावरची शाई आहे. ती आज रद्द झाली असंही नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम २७ सांगतं की कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. कलमात अपवाद एकच ठेवला आहे: चालू धंदा त्याच्या नावलौकिकासह विकला, तर विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा करू नये, अशी वाजवी अट घालता येते. म्हणजे दुकान नावासकट विकून पैसे घेतलेल्या मालकाला बांधता येतं. महिन्याच्या पगारावर राबलेल्या माणसाने विकलेलं असतं काय? त्याचे दिवस, आणि त्यांचा हिशेब पगारात मिटलेला असतो.

कायदा आल्यानंतर दोनच वर्षांत, १८७४ साली, कलकत्ता उच्च न्यायालयापुढे पितळी भांड्यांच्या दोन व्यापाऱ्यांचा वाद आला. दोघांची दुकानं एकाच भागात होती. एकाने दुसऱ्याला सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, मी तुला ९०० रुपये देतो. त्याने दुकान बंद केलं, पहिल्याने पैसे दिले नाहीत. न्यायालयाने करारच रद्दबातल ठरवला आणि बिचाऱ्याला पैसे मिळाले नाहीत. निकाल कडक होता, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: बंदी छोट्या भागापुरती आहे, थोड्या काळापुरती आहे, म्हणून ती चालेल, असं आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये न्यायाधीश बंदी वाजवी आहे का हे तपासतात. आपल्या कलमात ती पळवाट ठेवलेलीच नाही. १९५८ साली विधी आयोगाने आपल्या तेराव्या अहवालात ‘वाजवी बंदी चालावी’ अशी दुरुस्ती सुचवली होती. संसदेने ती केली नाही. आजतागायत केलेली नाही.

तरीही प्रत्येक नोटिशीत एका निकालाचं नाव हटकून येतं, आणि तो निकाल आपल्या महाराष्ट्रातला आहे. निरंजन शंकर गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, सर्वोच्च न्यायालय, १७ जानेवारी १९६७. नोटीस लिहिणारे तो अर्धाच सांगतात, म्हणून मी तो इथे जरा सविस्तर सांगतो.

सेंच्युरीचा कल्याणचा रेयॉन कारखाना. टायरमध्ये वापरतात ते टायरकॉर्ड सूत तयार करण्याचं तंत्र कंपनीने हॉलंडमधल्या आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून पैसे मोजून घेतलं होतं. ते तंत्र गुप्त ठेवायचं, आणि कामगारांकडूनही तसं लिहून घ्यायचं, ही त्या परदेशी कंपन्यांची अट होती. गोलीकरी १९६३ च्या मार्चमध्ये पाच वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. कंपनीने त्यांना कित्येक महिने प्रशिक्षण दिलं. १९६४ च्या शेवटी, पाच वर्षं संपायला अजून तीन वर्षांहून अधिक काळ बाकी असताना, ते काम सोडून राजस्थानात कोट्याच्या रेयॉन कारखान्यात जास्त पगारावर गेले. तिथेही तेच सूत निघत होतं. कंपनी न्यायालयात गेली आणि १५ मार्च १९६८ पर्यंत त्यांनी तसलं काम दुसरीकडे करू नये असा मनाई हुकूम मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता ती तारीख पाहा. १५ मार्च १९६८ हा त्यांच्या पाच वर्षांच्या कराराचा शेवटचा दिवस. त्यापुढचा एक दिवसही न्यायालयाने बांधला नाही. न्यायमूर्ती शेलत यांनी निकालात स्पष्ट फरक केला की नोकरीचा काळ चालू असतानाची बंदी वेगळी आणि तो काळ संपल्यानंतरची बंदी वेगळी; दोन्हींना एकच माप लागत नाही. पाच वर्षं काम करीन असं कबूल करून मध्येच गेलेल्या माणसाला कबूल केलेल्या काळापुरतं रोखलं, एवढाच त्या निकालाचा अर्थ. आमचा मुलगा रीतसर राजीनामा देतो, एक महिन्याची नोटीस भरतो, बाइक-टॅब परत करतो आणि मग जातो. त्याच्यावर गोलीकरी निकाल लावणारा वकील एकतर निकाल वाचत नाही, किंवा समोरच्याने तो वाचलेला नाही असं धरून चालतो.

पुढचे निकालही याच दिशेने गेले. १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनीने दिल्लीतल्या आपल्या माजी शाखा व्यवस्थापकावर अशीच दोन वर्षांची बंदी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. इथे मात्र नेमकं सांगायला हवं: न्यायमूर्ती तुळजापूरकर आणि त्यांचे एक सहकारी यांनी कारण दिलं ते असं की अट ‘नोकरी सोडल्यास’ होती आणि या माणसाला तर कंपनीनेच काढलं होतं. तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी वेगळं निकालपत्र लिहून मुळावर बोट ठेवलं: नोकरीनंतरची बंदी कलम २७ खाली चालतच नाही, मग ती अर्धी असो की पुरी. २००६ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण आलं. त्याचं जाहिरातींचं काम पाहणाऱ्या परसेप्ट डी’मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार संपला होता, तरी पुढच्या कुणाशीही करार करण्याआधी पहिला हक्क आमचा, असं कंपनीचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते मानलं नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही नाही. करार संपला की माणूस मोकळा.

मग विचाराल, कायदा इतका स्वच्छ असताना भीती कशाची? भीती कायद्याच्या बाहेर आहे. नोकरी लागताना मुलाकडून सहीचे कोरे चेक घेतलेले असतात. बऱ्याच ठिकाणी दहावी-बारावीच्या आणि बी.एस्सी. ॲग्रीच्या मूळ गुणपत्रिका ‘व्हेरिफिकेशनसाठी’ म्हणून ठेवून घेतल्या जातात आणि परत मिळत नाहीत. राजीनाम्यानंतर शेवटच्या महिन्याचा पगार, खर्चाची बिलं आणि रिलीव्हिंग लेटर अडकवलं जातं. रिलीव्हिंग लेटर नसलं की नवी कंपनी नेमणूक कायम करत नाही. या सगळ्याला न्यायाधीश लागत नाही, पुरावा लागत नाही.

कोऱ्या चेकचा धोका मला जास्त काळजीचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात म्हटलं आहे की सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो; तसं नव्हतं हे सही करणाऱ्याने दाखवायचं. रद्दबातल अटीपोटी घेतलेला चेक हे कायदेशीर देणं नव्हे, हा बचाव मुलाकडे असतो आणि तो भक्कम असतो. पण तो मांडायचा कुठे? २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक न वटल्याचा खटला चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालतो. कंपनीचं खातं हैदराबादला, म्हणजे तारखा हैदराबादला. कळमनुरीच्या मुलाने दर तारखेला रजा काढायची, गाडीभाडं भरायचं, तिथला वकील लावायचा. निकाल त्याच्या बाजूने लागेपर्यंत तो कर्जात गेलेला असतो.

दिवाणी दाव्याचंही तेच. नियुक्तिपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सर्व वाद अमुक शहरातल्याच न्यायालयात चालतील. एचडीएफसी बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असं कलम खासगी नोकरीच्या करारातही चालतं असं ठरवलं. पाटणा आणि दिल्लीत दावे लावलेल्या कर्मचाऱ्यांना मुंबईलाच जायला सांगितलं. निकालाचा मी आदर करतो. पण हिंगोलीहून मुंबई रात्रभराची वाट आहे, आणि पंधरा-वीस हजार पगारावरच्या मुलाला ती वाट परवडत नाही, हेही तितकंच खरं. हक्क हिंगोलीत असतो आणि त्याचा दरवाजा मुंबईत.

माझ्याकडे मालकही येतात. इथल्या मोंढ्यातले अडते, क्लासवाले, खासगी दवाखाने, छोट्या पतसंस्था. ‘साहेब, माणूस तयार करायला वर्ष जातं, आणि समोरचा दोन हजार जास्त देऊन उचलून नेतो’, ही त्यांची तक्रार खोटी नाही. क्लासचा गणिताचा शिक्षक मे महिन्यात गेला आणि समोरच्या इमारतीत बसला तर त्याच्या मागे पोरं जातात, प्रवेश बुडतात. पण यावर कायद्यात उपाय आहेत आणि ते मी त्यांना लिहून देतो. नोटीस कालावधी वाजवी ठेवा. दरपत्रकं, डीलरच्या उधारीच्या याद्या, स्कीमची गणितं, संकरित बियाण्याच्या मूळ वाणांची माहिती ही गुप्त ठेवण्याची अट घाला. ती नोकरीनंतरही चालते, आणि मोडली तर न्यायालय मनाई देतं. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर ठरावीक काळ नोकरीचा करार करा आणि मध्येच गेल्यास तो खर्च वसूल करा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा असा बाँड मान्य केला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये, अशी अट होती. एक अधिकारी आयडीबीआय बँकेत गेले आणि त्यांना ती रक्कम भरावी लागली. न्यायालयाचं म्हणणं असं की या अटीने कुणाचा धंदा रोखला जात नाही. अधिकारी आयडीबीआयमध्ये गेलेच, त्यांना कुणी अडवलं नाही. एवढे उपाय हातात असताना ‘दोन वर्षं जिल्ह्यात काम करू नको’ हे कलम मी कुणाला लिहून देत नाही. रद्दबातल आहे हे ठाऊक असूनही केवळ धाक बसावा म्हणून ते लिहिणं, हे वकिलाचं काम नव्हे.

आणि मुळात मालक ज्याला आपला माल समजतो, त्यातलं बरंचसं त्याचं नसतं. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे, पण त्या हळदीला करपा कधी पडतो, कंदकूज कुठल्या रानात आधी दिसते, निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत बेणं किती खोल लावावं, हे मुलगा शिकला कुठे? कंपनीच्या हॉटेलातल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये नव्हे. पावसाळ्यात चिखल तुडवत, बांधावर शेतकऱ्यांची बोलणी खात तो शिकला. कुरुंद्याचा शेतकरी त्याला रात्री नऊला फोन करतो तो त्याच्या सांगण्यावर विश्वास आहे म्हणून; डब्यावरचं नाव तो दुकानातच वाचतो. हे ज्ञान आणि हा विश्वास माणसाच्या अंगात मुरलेला असतो. त्याला दोन वर्षं चार जिल्ह्यांत काम करू दिलं नाही, तर नुकसान त्या शेतकऱ्याचंही आहे.

आमच्या भागाला बांधलेल्या माणसाची ओळख नवी नाही. पाडव्याला सालदार ठरतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या सालातही. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडची कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात आणि हिशेब पुरा झाला नाही की दुसऱ्या टोळीत जाऊ शकत नाहीत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य गमावणं हे वेठबिगारीचं एक लक्षण म्हणून नोंदलं आहे. सुशिक्षित मुलाच्या बाँडची आणि ऊसतोड मजुराच्या उचलीची बरोबरी मी करत नाही. त्या मजुराचं दुःख फार मोठं आहे. पण ‘माझं काम सोडलंस तर दुसऱ्याचं करायचं नाही’ हा विचार दोन्हीकडे एकच आहे, आणि देशाने तो एकदा कायद्याने गाडलेला आहे.

बाहेरही हाच झगडा चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात आपल्या कलम २७ सारखंच कलम आहे आणि तेही १८७२ सालचंच. दोन्हींचा उगम न्यूयॉर्कसाठी तयार झालेल्या एकाच मसुद्यात आहे. जगातले संगणक-धंदे ज्या सिलिकॉन व्हॅलीत वाढले, तिथे गेली दीडशे वर्षं कुणाला कंपनी बदलण्यापासून रोखता येत नाही. माणसं गेली म्हणून तिथले धंदे बुडाले नाहीत. उरलेल्या अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अशा अटी चालतात. तिथल्या व्यापार आयोगाच्या अंदाजाने सुमारे ३ कोटी कामगार त्यांत अडकलेले आहेत. आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांवर देशभर बंदीचा नियम केला, पण ऑगस्टमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२५ मध्ये आयोगाने अपीलही सोडून दिलं. त्यांना जे मिळवता आलं नाही ते आपल्याकडे राणीच्या काळापासून पुस्तकात आहे. आपल्याला फक्त ते शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं आहे.

त्यासाठी आता एक चांगली संधी आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं, आणि त्या पत्राचा नमुना व त्यातला तपशील ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. बहुतेक खासगी आस्थापनांच्या बाबतीत हे सरकार म्हणजे महाराष्ट्र सरकार. राज्याच्या कामगार विभागाने त्या नमुन्यातच छापावं की नोकरी संपल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर बंदी घालणारी अट या पत्रात असणार नाही. मूळ प्रमाणपत्रं आणि कोरे चेक घेतले जाणार नाहीत. हिशेब मिटल्यावर ठरावीक दिवसांत कार्यमुक्तीचं पत्र दिलं जाईल. रद्दबातल अट कागदावर राहू देणं आणि मग गरिबाने न्यायालयात जाऊन ती रद्द करून घ्यावी असं म्हणणं, हा न्याय नव्हे. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय विधिमंडळात मांडावा, अशी माझी मागणी आहे. हिंगोली १ मे रोजी, कामगार दिनीच, जिल्हा झाला. १९९९ पासूनच्या या काळात इथल्या शिकलेल्या मुलांना फार थोड्या नोकऱ्या मिळाल्या. ज्या मिळाल्या त्या तरी मोकळ्या असाव्यात.

तोवर मुलांना माझं सांगणं आहे. सहीचा कोरा चेक कुणालाही देऊ नका. नियुक्तिपत्राचं प्रत्येक पान वाचा आणि त्याची प्रत घरी ठेवा. जाताना राजीनामा ई-मेलने द्या, वस्तू परत केल्याची पोच घ्या, आणि कंपनीची एकही यादी, एकही फाइल फोनमध्ये नेऊ नका. तिथे मात्र चूक तुमची ठरते. नोटीस आली तर नवी नोकरी घाईने सोडू नका आणि नोटीस चुलीतही घालू नका. वकिलाकडून तिला लेखी उत्तर द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असल्यास मिळतो.